मुखत्वचा : निगा व विकार

मुखत्वचा : कपाळ, पापण्या, नाक, गाल, ओठांभोवतीचा भाग व हनुवटी यांवरील त्वचेस मुखत्वचा म्हणतात. शरीराच्या इतर भागांवरील त्वचेहून ती मूलतः वेगळी नसली, तरी त्वक्‌स्नेह (तेलकट स्राव) निर्माण करणाऱ्या ग्रंथींची विपुलता, पापण्यांसारख्या भागातील पातळपणा, रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आणि सूर्यप्रकाशाशी सतत येणारा संबंध यांमुळे तिच्या विकारांचा व तिच्या निगेचा स्वतंत्र विचार करावा लागतो. यांत आणखी एका गोष्टीची भर पडते. पाठीवरील डागाकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करणारी व्यक्ती गालावरील तेवढ्याच डागावर आठ दिवसांत चार मलमे लावून पाहते. मुखत्वचेचे जे चिवट विकार आज वैद्यकीय व्यवसायात आढळतात, त्यांपैकी बरेच मूळ रोगापेक्षा अशा उपचारांमुळेच चिवट झालेले असतात.

रचना व कार्य : बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या व केराटीनयुक्त कोशिकांचा (पेशींचा) बनलेला असून त्याला शृंगस्तर म्हणतात. त्याची जाडी अत्यल्प असली, तरी शरीरातील पाणी बाहेर जाऊ न देणे व बाहेरील क्षोभक पदार्थ आत येऊ न देणे ही दोन्ही कामे मुख्यतः तोच करतो. भिंतीतील विटांप्रमाणे त्यात कोशिका रचलेल्या असतात व दरजांमधील चुन्याप्रमाणे त्यांच्यामधील फटी वसायुक्त (स्निग्ध) पदार्थांनी भरलेल्या असतात. हा चुना धुऊन निघाला म्हणजे त्वचा कोरडी पडते, खाजते व एरवी सहज सोसणारे पदार्थही तिला सोसेनासे होतात. बाह्यत्वचेच्या तळाशी निर्माण झालेली कोशिका पृष्ठभागापर्यंत येऊन गळून पडण्यास सुमारे चार आठवडे लागतात. हा कालावधी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्वचेचा पोत किंवा वर्ण यांत खरा बदल घडवून आणणारा कोणताही उपाय या मुदतीपूर्वी पूर्ण गुण दाखवू शकत नाही.

त्वक्‌स्नेह ग्रंथींची संख्या चेहऱ्यावर दर चौ. सेंमी. क्षेत्रात सुमारे ४०० ते ९०० असते. तळहात व तळपाय यांवर त्या मुळीच नसतात. त्या केसांच्या पुटकांत (केसाच्या मुळाभोवतीच्या पिशवीत) उघडतात. नवजात अर्भकात मातेकडून आलेल्या हॉर्मोनांमुळे त्या काही काळ कार्यशील असतात, नंतर बालपणी जवळजवळ सुप्त राहतात आणि वयात येताना पौरुषजनक हॉर्मोनांच्या प्रभावाखाली पुन्हा जाग्या होतात. ही हॉर्मोने स्त्रियांच्या शरीरातही अल्प प्रमाणात तयार होत असल्यामुळे मुलींतही हाच क्रम दिसून येतो.

त्वचेचा वर्ण मुख्यतः मेलॅनीन या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. ते निर्माण करणाऱ्या कोशिकांची संख्या गोऱ्या व काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. त्या किती रंगद्रव्य बनवितात, त्याचे कण केवढे असतात व ते आजूबाजूच्या कोशिकांत कसे विखुरले जातात, यांवर वर्ण ठरतो आणि हे सर्व आनुवंशिक आहे. मेलॅनीन जंबुपार किरण (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य किरण) शोषून घेते. सावळी त्वचा उन्हात कमी भाजते, तिच्यावर सुरकुत्या उशिरा पडतात व त्वचेचा कर्करोगही तिच्यात कमी आढळतो, तो यामुळेच. याच्या उलट तिची एक अडचण अशी की, कोणतीही पुळी, ओरखडा वा दाह शमल्यावर त्या जागी काळसर डाग मागे राहतो आणि तो जाण्यास कित्येक महिने लागतात.

पूर्वपरंपरा : मुखत्वचेच्या विकारांचे वर्णन भारतीय वैद्यकात प्राचीन काळापासून आढळते. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये मुखदूषिका (तारुण्यपीटिका) व व्यंग (मराठीतील वांग) यांचा समावेश केलेला असून मुखदूषिकेला सावरीच्या काट्याची उपमा दिलेली आहे. चरकसंहितेत वर्ण सुधारणाऱ्या द्रव्यांच्या गणात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठ, सारिवा (उपळसरी) इ. वनस्पती येतात. महाराष्ट्रात दिवाळीच्या अभ्यंगस्नानास वापरावयाच्या उटण्यात वाळा, नागरमोथा, गव्हला-कचोरा, आंबेहळद व चंदन ही द्रव्ये असतात. तेल लावून नंतर उटण्याने अंग धुण्याची ही पद्धत थंडीच्या सुरुवातीस कोरड्या पडू लागलेल्या त्वचेस अनुकूल आहे. डाळीचे पीठही चेहऱ्यावरील तेलकटपणा साबणाइतक्या तीव्रतेने न काढता पुष्कळसा काढते. मात्र ते घासून खरवडून काढू नये.

आधुनिक प्रसाधनांपैकी ‘स्नो’ हा प्रकार एके काळी घराघरांत होता. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये सुरू केलेला ‘अफगाण स्नो’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. स्टिअरिक अम्लाचा काही भाग क्षाराने साबणात रूपांतरित करून त्याचे पाण्यात पायस (दोन न मिसळणाऱ्या द्रवांचे स्थिर मिश्रण) बनवीत. ते चोळताच त्वचेत नाहीसे झाल्यासारखे वाटे व मागे पातळ, निस्तेज थर राही. वर्ण बदलण्याचा गुण त्यात नव्हता. त्वचा उजळविण्याचे आश्वासन देणारे मलम भारतात मोठ्या प्रमाणावर आले ते १९७५ मध्ये, ‘फेअर अँड लव्हली’ या नावाने. त्यातील ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये वगळण्यात आला. परंतु दरम्यानच्या पंचेचाळीस वर्षांत त्वचेची निगा म्हणजे वर्ण उजळणे, हे समीकरण समाजमनात रुजून गेले होते.

दैनंदिन निगा : निरोगी मुखत्वचेच्या गरजा थोड्या आहेत. दिवसातून दोनदा, तसेच खूप घाम आल्यास, साध्या किंवा कोमट पाण्याने चेहरा धुणे पुरेसे असते. त्वचेचा पृष्ठभाग किंचित अम्लधर्मी असून त्याचे पीएच मूल्य (अम्लता व क्षारता दर्शविणारे मूल्य) सर्वसाधारणपणे ४·५ ते ५·५ असते. नेहमीचा अंगाचा साबण क्षारधर्मी, म्हणजे ९ ते १० पीएच मूल्याचा असतो. त्याने वारंवार तोंड धुतल्यास शृंगस्तरातील वसा निघून जाते आणि तेलकटपणा कमी होण्याऐवजी त्वचा ओढल्यासारखी व लालसर होते. ज्यांना साबण मानवत नाही त्यांनी सौम्य, साबणरहित प्रक्षालक वापरावा.

हिवाळ्यात देशावर व विदर्भात हवा कोरडी असते, तेव्हा तोंड धुतल्याबरोबर, त्वचा ओलसर असतानाच, ग्लिसरीन किंवा पेट्रोलियम जेली असलेले साधे मलम लावावे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, तर जेली ते उडून जाऊ देत नाही. कोकणच्या दमट हवेत व तेलकट त्वचेच्या तरुणांस अशा मलमाची फारशी आवश्यकता नसते. डोक्याला भरपूर तेल लावण्याच्या सवयीने ते कपाळावर ओघळून तेथे बारीक पुटकुळ्या येतात. अशा वेळी कपाळावरचा उपचार करण्यापेक्षा तेलाचे प्रमाण कमी करणे श्रेयस्कर.

उन्हापासून संरक्षण हा निगेतील सर्वांत फलदायी भाग होय. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत, आकाश निरभ्र असताना, दुपारच्या वेळी जंबुपार निर्देशांक ११ च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ११ पासून पुढे सर्वांत तीव्र श्रेणी सुरू होते. या किरणांपैकी लांब तरंगलांबीचे (‘ए’ गटातील) किरण साध्या काचेतूनही आत येतात. शेतात काम करणाऱ्या स्त्रिया डोक्यावरील पदर पुढे ओढून घेतात किंवा फडके बांधतात, ते बाजारातील कित्येक मलमांपेक्षा अधिक भरवशाचे संरक्षण आहे. मलम वापरावयाचे झाल्यास त्याचा एसपीएफ (सूर्यदाहापासून संरक्षणाचा अंक) ३० असावा. हा अंक प्रयोगशाळेत दर चौ. सेंमी. त्वचेवर २ मिग्रॅ. मलम लावून ठरवितात. प्रत्यक्षात बहुतेक लोक त्याच्या निम्मेही लावत नाहीत. तर्जनी व मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर ओढलेल्या दोन पट्ट्या, एवढे मलम चेहरा व मान यांस लागते. घराबाहेर काम असल्यास ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

काही प्रचलित घरगुती उपाय अपायकारक आहेत. लिंबाचा रस अतिशय अम्लधर्मी असून त्याने त्वचेचा दाह होतो. शिवाय लिंबाच्या सालीतील काही द्रव्ये त्वचेवर असताना ऊन लागल्यास फोड येऊन नंतर गडद डाग पडतात. पुळीवर दंतधावनाचे मलम लावल्याने पुळी सुकल्यासारखी दिसते, पण तिच्याभोवतीची त्वचा भाजते. हळद सामान्यतः निरुपद्रवी असली, तरी क्वचित तिचीही अधिहर्षता (ॲलर्जी) आढळते.

सामान्य विकार : तारुण्यपीटिका (मुरुम) हा सर्वांत सामान्य विकार असून १२ ते २४ वर्षे वयोगटातील बहुतेकांना तो कमीअधिक प्रमाणात होतो. वाढलेला त्वक्‌स्नेह, पुटकाच्या तोंडाशी कोशिका साचून बसणारे बूच, त्यामागे वाढणारे क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे सूक्ष्मजंतू आणि त्यांतून उद्‌भवणारी दाहयुक्त सूज अशी त्याची कारणपरंपरा आहे. नाकावरील बुचांची टोके मळामुळे काळी होतात, हा समज चुकीचा आहे. ती मेलॅनीन व हवेशी संपर्क आल्याने होणारे ऑक्सिडीकरण यांमुळे काळी दिसतात आणि घासून धुण्याने जात नाहीत. ‘पोट साफ नसणे’ वा ‘रक्त अशुद्ध असणे’ यांचाही मुरुमांशी संबंध नाही. आहारापैकी साखर व मैदा यांसारख्या रक्तशर्करा झपाट्याने वाढविणाऱ्या पदार्थांनी काहींमध्ये विकार वाढतो, याला आधार आहे. तेलकट-तुपकट खाण्याबद्दल तसा सबळ आधार नाही.

सौम्य प्रकारात २·५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड पुरते. ५ किंवा १० टक्क्यांच्या मलमाने गुण विशेष वाढत नाही, आग मात्र वाढते. या औषधाने उशांचे अभ्रे व टॉवेल यांचा रंग उडतो, हेही सांगून ठेवलेले बरे. १९६९ मध्ये अमेरिकन त्वचारोगतज्ञ ॲल्बर्ट क्लिगमन व त्यांचे सहकारी यांनी अ जीवनसत्त्वापासून मिळणाऱ्या ट्रेटिनॉइन या अम्लाची उपयुक्तता दाखवून दिली. हे अम्ल व त्याच्या वर्गातील ॲडापलीन ही औषधे पुटकातील बूच सैल करतात. रात्री, वाटाण्याएवढे मलम सबंध चेहऱ्यावर पातळ लावतात. पहिले काही आठवडे त्वचा सोलते व पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात. याच टप्प्यावर बहुतेक रुग्ण औषध सोडून देतात. वस्तुतः गुणाचा अदमास आठ ते बारा आठवड्यांपूर्वी घेता येत नाही. गाठी व व्रण निर्माण करणाऱ्या तीव्र प्रकारावर आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घ्यावयाचे औषध अत्यंत गुणकारी आहे. परंतु ते गर्भास गंभीर विकृती आणत असल्याने गर्भारपणात पूर्णतः निषिद्ध आहे. मुलींत मुरुमांबरोबर अनियमित पाळी व हनुवटीवर राठ केस असल्यास बीजकोशाचा विकार आहे का, ते तपासावे लागते.

पुळ्या फोडू नयेत. डाग व व्रण हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, नाक व वरचा ओठ यांच्या परिसरातील नीलांचा (अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाहिन्यांचा) कवटीतील नीलांशी थेट संबंध असल्याने तेथील संसर्ग क्वचित मेंदूच्या तळापर्यंत पसरू शकतो.

वांग म्हणजे दोन्ही गाल, कपाळ व वरचा ओठ यांवर सममित दिसणारे तपकिरी चट्टे. तो स्त्रियांत अधिक असून गर्भारपण व संततिप्रतिबंधक गोळ्या यांमुळे सुरू होतो किंवा वाढतो. आनुवंशिकता व ऊन ही त्याची प्रमुख कारणे आहेत. त्याचा यकृताशी संबंध जोडणे निराधार आहे. वांग फिका करता येतो, पण त्याची प्रवृत्ती नाहीशी करता येत नाही, त्यामुळे ऊन टाळले नाही तर तो परत येतो. दृश्य प्रकाशानेही तो वाढत असल्याने लोहाची ऑक्साइडे मिसळलेले रंगीत सूर्यरोधक मलम येथे अधिक उपयोगी पडते. क्लिगमन यांनीच १९७५ मध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड यांचे एकत्रित मलम सुचविले. देखरेखीखाली काही आठवडे वापरण्यासाठी ते उत्तम आहे. भारतात मात्र अशा तिहेरी मलमांची नळी वर्षानुवर्षे, कुटुंबातील सर्वांनी मिळून वापरल्याची उदाहरणे सर्रास दिसतात. हायड्रोक्विनोनाच्या दीर्घ वापराने त्वचेत निळसर काळा रंग साचतो व तो काढणे मूळ वांगापेक्षा कठीण असते.

लहान मुलांच्या गालांवरील फिकट, किंचित खरबरीत चट्टे जंतांमुळे किंवा कॅल्शियमाच्या अभावामुळे येतात असे समजतात. ते बहुधा कोरड्या त्वचेचा सौम्य इसब असतात व साध्या स्निग्ध मलमाने हळूहळू जातात. मात्र फिकट चट्ट्यावर स्पर्श वा उष्णता यांची जाणीव कमी असेल, तर कुष्ठरोगाची शंका घेऊन तपासणी करवून घ्यावी. त्यावरील बहु-औषधी उपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतो व वेळीच घेतल्यास विकृती टळते. भुवया व नाकाच्या बाजूच्या घड्या यांत कोंड्यासारखे पापुद्रे येणे हा मॅलासेझिया या कवकाशी (बुरशीशी) संबंधित विकार असून कीटोकोनॅझोलाने आटोक्यात राहतो. गालांवर व नाकाच्या दांड्यावर फुलपाखराच्या आकाराची लाली, तिच्या जोडीला सांधेदुखी व ताप असल्यास तो त्वचेपुरता विकार नसण्याचा संभव असतो. पुरुषांत दाढीच्या जागी येणाऱ्या पुळ्या बहुधा केस आत वळून वाढल्यामुळे येतात. केस वाढण्याच्या दिशेनेच दाढी केल्यास त्या कमी होतात.

कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडणे हा विकार भारतीय स्त्रियांत विशेष आढळतो. टिकलीमागील चिकट द्रव्यातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल हे रसायन मेलॅनीन बनविणाऱ्या कोशिकांना घातक ठरते, असे भारतीय त्वचारोगतज्ञांनी १९९० मध्ये दाखवून दिले. डाग दिसू लागताच टिकली लावणे बंद करावे.

स्टेरॉइडजन्य विकार : त्वचेवर लावावयाच्या हायड्रोकॉर्टिसोनाचा यशस्वी उपयोग सल्झबर्गर व विटन यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केला आणि इसबासारख्या रोगांच्या उपचारांत क्रांती झाली. पुढे याहून कितीतरी पट प्रभावी अशी बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन इ. औषधे आली. या औषधांमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावून त्वचा काही तासांतच फिकी पडते. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की, १९६२ मध्ये मॅकेंझी व स्टॉटन यांनी त्यावरूनच स्टेरॉइडांची प्रभावशक्ती मोजण्याची कसोटी तयार केली. त्याशिवाय ही औषधे लाली, खाज व पुळ्यांची सूज झटपट उतरवितात आणि मेलॅनिनाची निर्मिती मंदावतात. दोन-चार दिवसांत गोरेपणा व तुकतुकी देणाऱ्या मलमाचे रहस्य बहुधा हेच असते.

पुढील काही महिन्यांत त्वचा पातळ होते, गालांवर बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागते, मुरुम उफाळतात, लव वाढते आणि ऊन किंवा चुलीची धग लागताच चेहरा भाजल्यासारखा वाटतो. नायटा असेल तर त्याच्या कडा पुसल्या जाऊन तो ओळखू येईनासा होतो व आतल्या आत पसरतो. मलम बंद केल्यास तीनचार दिवसांत लाली व आग दुपटीने उलटते, मलम पुन्हा लावताच शमते, आणि ‘हे मलम मला मानवते’ अशी रुग्णाची खात्री होते. या विकाराला २००८ मध्ये भारतीय तज्ञांनी ‘स्टेरॉइडाने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचे स्वतंत्र नाव दिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ (सु. १५ टक्के) स्टेरॉइड मलमे लावीत असल्याचे आढळले. त्यांपैकी सु. ५९ टक्क्यांना ती डॉक्टरेतर व्यक्तीने सुचविली होती.

उपचारात स्टेरॉइड थांबविणे अपरिहार्य असते. ते एकदम थांबवावे की क्रमाने, हे त्याची तीव्रता व वापराचा कालावधी पाहून तज्ञ ठरवितो. साधे स्निग्ध मलम, उन्हापासून संरक्षण व काही काळ डॉक्सिसायक्लीन किंवा टॅक्रोलिमस यांनी दाह आटोक्यात ठेवतात. रुग्णास आरंभीच सांगावे लागते की, पहिले काही आठवडे चेहरा आहे त्याहून वाईट दिसेल व पूर्ववत होण्यास महिने लागतील. पसरलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या पुष्कळदा कायमच्या राहतात.

लेबल नसलेल्या किंवा घटकद्रव्ये न छापलेल्या मलमांत पाराही असू शकतो. पाऱ्याची संयुगे मेलॅनिनाची निर्मिती रोखतात, परंतु त्वचेतून शोषली जाऊन मूत्रपिंडांना इजा करतात. अशी मलमे वापरल्याने मूत्रातून प्रथिने जाऊन अंगावर सूज आलेले रुग्ण अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रात अकोला येथे व केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात आढळले. वेळीच मलम थांबविल्यास हा विकार बहुधा उलटतो. २०१३ च्या मिनामाता करारान्वये दर दशलक्ष भागांत एकाहून अधिक भाग पारा असलेली त्वचा उजळविणारी प्रसाधने २०२० नंतर बनविण्यास व आयात-निर्यात करण्यास मनाई आहे. चोरट्या मार्गाने ती तरीही येतात.

भारतात त्वचेवर लावावयाच्या स्टेरॉइडांना वैद्याच्या चिठ्ठीच्या नियमातून पूर्वी सूट होती. त्वचारोगतज्ञांच्या प्रयत्नांनंतर केंद्र शासनाने २०१८ मध्ये ती काढून घेऊन अशी प्रभावी औषधे औषधविषयक नियमांच्या ‘एच’ अनुसूचीत घातली. अशा नळीवर ‘आरएक्स’ हे चिन्ह व चिठ्ठीशिवाय विक्री न करण्याची सूचना छापलेली असते. ती बारीक अक्षरांत असते, आणि नळी बहुधा खोक्यातून काढूनच शेजारणीकडून शेजारणीकडे जाते.